घरात बी रुजत घालण्यासाठी कोणती माती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, झेंडू, पिटुनिया अशी रोपे गॅलरीत, खिडकीत किंवा शेडनेटखाली तयार करून मग कुंडीत, परसात वा शेतात लावणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. रोपे का गेली याची बहुतेक उत्तरे शेवटी दोनच गोष्टींपाशी येतात: मिश्रणात हवा किती खेळते आणि क्षार किती आहेत. खताचा नंबर त्यानंतरचा.

मोठ्या कुंडीत भरतो तीच माती रोपांच्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये का चालत नाही?

कारण कप्प्याची खोली जेमतेम ४ ते ५ सेंटीमीटर असते. कुठल्याही भांड्यात पाणी घातले की जास्तीचे खालून निघून जाते, पण तळाशी काही सेंटीमीटरचा थर गच्च ओलाच राहतो. भोक कितीही मोठे पाडले तरी तो थर निथळत नाही. फूटभर खोल कुंडीत त्याने फारसे बिघडत नाही, मुळे वरच्या भागात वाढतात. ट्रेच्या कप्प्यात मात्र मुळाला मिळणारी सगळी जागाच तेवढी असते. त्यात बारीक कणांची माती भरली तर कप्पा वरपासून खालपर्यंत पाण्याने भरलेला राहतो आणि बीला हवा मिळत नाही.

काळ्या मातीचा त्रास आणखी वेगळा. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, सुकली की आकसून तडे जातात आणि त्या ताणात कोवळी मुळे तुटतात. पाणी मारून वर पापुद्रा धरला की कोंब त्याखाली अडकतो. कोकणातली जांभ्याची लाल माती निचऱ्याला बरी, पण ट्रेमध्ये तीही दोन आठवड्यांत दबून घट्ट होते.

थोडक्यात, शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो (माती ओलसर, पण तिच्यात हवाही खेळती) ती स्थिती ट्रेमध्ये सतत टिकवायची आहे. म्हणून मातीविना मिश्रण.

मग नेमके काय मिसळायचे? एकच प्रमाण सांगा.

घरच्या भाजीपाल्यासाठी, मापाने (वजनाने नव्हे):

- भिजवून धुतलेले कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा): ६ भाग
- चाळलेले, पूर्ण कुजलेले गांडूळखत: २ भाग
- परलाइट (तापवून फुगवलेल्या दगडाचे हलके पांढरे दाणे): २ भाग

माप म्हणून कुठलाही डबा किंवा तांब्या चालतो. गांडूळखत ३ मिलिमीटरच्या आसपासच्या चाळणीतून काढा. गाळणीत राहिलेले गोळे मोठ्या कुंड्यांत टाका.

व्यावसायिक रोपवाटिकांत अनेकदा कोकोपीट, वर्मिक्युलाइट (तापवून फुगवलेले अभ्रकासारखे खनिज) आणि परलाइट ३:१:१ असे घेतात. त्यात खत जवळपास नसतेच, ते पुढे पाण्यातून देतात. रोज वेळेवर लक्ष देता येत असेल तर ते उत्तम. शनिवार-रविवारीच बागेकडे वळणाऱ्याला गांडूळखताचे मिश्रण जास्त सोसते.

गांडूळखत दोन भागांवरून तीन-चार भागांवर नेण्याचा मोह आवरा. त्याचे कण बारीक असतात, हवा कमी होते आणि क्षार वाढतात. बी स्वतःची शिदोरी घेऊनच आलेले असते. पहिली दोन खरी पाने (बीदलांनंतर येणारी) दिसेपर्यंत त्याला बाहेरच्या खताची गरज पडत नाही.

एका विटेत किती ट्रे भरतात?

६५० ग्रॅमची वीट साधारण ४ लिटर पाणी पिऊन ८ ते ९ लिटर होते. ५ किलोचा ब्लॉक ६५ ते ७० लिटरच्या घरात जातो. तो फुलवायला मोठा टब किंवा पाण्याचे पिंप लागते, बादलीत मावत नाही. ९८ कप्प्यांच्या प्रो-ट्रेला सव्वा किलोच्या आसपास ओलसर कोकोपीट लागते, म्हणजे छोट्या विटेत तीन ट्रे निघतात. परलाइट आणि गांडूळखत मिसळले की चौथा आणि बहुधा पाचवाही.

कोकोपीट धुवायलाच हवे का? पिशवीवर ‘धुतलेले’ असे लिहिले आहे.

तरीही तपासा. नारळाची सोडणे बऱ्याचदा किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यात कुजवलेली असतात, त्यामुळे सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार कोकोपीटमध्ये उतरतात. खाऱ्या मिश्रणात बीला पाणी ओढता येत नाही. उगवण उशिरा आणि तुरळक होते, उगवलेल्यांची पाने कडेने करपतात.

घरात पाण्याच्या फिल्टरसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचे पेन असेल तर परीक्षा सोपी आहे. एक वाटी ओलसर मिश्रण, दोन वाट्या आरओचे पाणी. नीट ढवळा, अर्धा तास ठेवा, फडक्यातून गाळा. गाळलेल्या पाण्याच्या आकड्यातून आरओच्या पाण्याचा आकडा वजा करा. ३५० च्या आत उत्तर आले तर बी खुशाल पेरा. ३५० ते ६०० मध्ये एक-दोनदा धुऊन पुन्हा मोजा. त्याच्या वर असेल तर ते मिश्रण रोपांचे नाही, मोठ्या झाडांच्या कुंडीत वापरा.

धुण्याची पद्धत: फुललेले कोकोपीट जुन्या सुती कापडात किंवा शेडनेटच्या तुकड्यात बांधा, भरपूर पाण्यात अर्धा तास बुडवा, उचलून निथळू द्या. पहिले पाणी कडक चहाच्या रंगाचे येते. रंग पूर्ण जाईपर्यंत धूत बसण्यात अर्थ नाही, रंग आणि क्षार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन-तीन वेळा पुरते.

ज्यांना मिरची-टोमॅटोची रोपे महिनाभर त्याच मिश्रणात ठेवायची आहेत त्यांनी एक पायरी वाढवावी. ६५० ग्रॅमच्या विटेला १२ ते १५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट ४ लिटर पाण्यात विरघळवून त्यात कोकोपीट रात्रभर ठेवावे आणि सकाळी साध्या पाण्याने एकदा निथळावे. कोकोपीटचे कण सोडियम-पोटॅशियम धरून बसलेले असतात. नुसत्या धुण्याने ते सगळे सुटत नाहीत, कॅल्शियम मिळाले की त्यांची जागा ते घेते. हे केले नाही तर खतातले कॅल्शियम कोकोपीटच आधी गिळते.

टीडीएसचे पेन नाही. मिश्रण चांगले आहे हे कसे कळणार?

मसाल्याच्या डब्यातली मोहरी काढा. दहा दाणे मिश्रणात, दहा ओल्या फडक्यात. दोन-तीन दिवसांत दोन्हीकडे मोड दिसायला हवेत. फडक्यात नऊ आणि मिश्रणात चार आले तर दोष मिश्रणाचा: क्षार, कच्चे खत किंवा तणनाशकाचा अंश. दोन्हीकडे कमी आले तर मोहरी जुनी आहे, परीक्षा पुन्हा घ्या. आणखी चार दिवस रोपे तशीच ठेवून मुळे उपटून पाहा. पांढरी, लांब, बारीक केसाळ मुळे म्हणजे मिश्रण पास. टोके तपकिरी आणि आखूड असतील तर नापास.

महागडे संकरित बी त्यात घालण्याआधी ही आठवडाभराची तपासणी परवडते.

परलाइट मिळत नाही, महाग आहे. त्याऐवजी काय?

भाताचे जळके तूस, म्हणजे पूर्ण राख न होऊ देता काळे होईपर्यंत भाजलेले. कोकण, मावळ, भंडारा-गोंदिया भागात भातगिरणीपाशी तूस मिळते. ते हलके, निर्जंतुक आणि हवा धरणारे असते. नवीन भाजलेले तूस मात्र दोनदा धुवा, कारण त्यातली राख मिश्रणाचा सामू (पीएच) वर नेते. कच्चे तूस चालत नाही: ते कुजताना नत्र ओढून घेते आणि त्यात राहिलेले दाणे उगवतात.

वाळू वापरायची तर १ ते २ मिलिमीटर दाण्याची, धुतलेली. हल्ली बांधकामावर मिळते ती क्रश सँड न चाळता घातली तर तिच्यातली दगडाची पूड फटी बुजवते आणि निचरा होण्याऐवजी मिश्रण आणखी घट्ट होते. समुद्राची वाळू अजिबात नको. वाळूने ट्रे जड होतो हेही लक्षात असू द्या.

वर्मिक्युलाइट हा परलाइटचा पर्याय धरला जातो, पण दोघांचे काम वेगळे. परलाइट हवा देते; वर्मिक्युलाइट पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवते. पावसाळ्यात परलाइट जास्त घ्या, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अर्धे परलाइट काढून वर्मिक्युलाइट घाला. परलाइटची पिशवी उघडल्यावर आधी पाणी शिंपडा आणि नाकाला फडके बांधा. ती धूळ छातीत जाऊ देऊ नये.

नर्सरीतून ‘पॉटिंग मिक्स’ची पिशवी आणली. तीच वापरू?

पिशवी उघडून बघा. बहुतेक पॉटिंग मिक्स मोठ्या झाडांसाठी असते: लाल माती, शेणखत, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा. बियांसाठी यातले काहीच नको. पेंड ओली झाली की कुजायला लागते, तिच्यावर बुरशी येते, आणि प्रमाण जास्त झाले तर उगवणीलाच मार बसतो. ‘सीडलिंग मिक्स’ किंवा ‘जर्मिनेशन मिक्स’ असे लिहिलेले असेल तर घटक वाचा. माती आणि पेंड नसेल, हाताला हलके लागत असेल तर घ्या. पिशवी वजनाला जड असेल तर तिच्यात माती किंवा पाणी आहे, दोन्हीचे पैसे तुम्ही देत आहात.

शेणखत घरचे आहे. ते घालून चालेल?

ट्रेमध्ये नको. नीट कुजलेल्या शेणखतातही तणाचे बी जिवंत राहते, आणि कच्च्या शेणखतात हुमणीच्या अळ्या, उष्णता आणि अमोनिया. पुनर्लागवडीच्या खड्ड्यात भरपूर घाला. गांडूळखताचीही परीक्षा नाकाने करावी: ओल्या मातीचा वास हवा, उग्र किंवा आंबूस आला तर ते अजून तयार झालेले नाही.

मातीच वापरायची असेल तर निर्जंतुक कशी करू? तव्यावर भाजली तर?

तव्यावर भाजल्याने घरभर वास सुटतो, माती एकसारखी तापत नाही आणि फार तापलेल्या मातीतून रोपांना अपायकारक द्रव्ये सुटतात. उन्हाचा मार्ग बरा. एप्रिल-मे महिन्यात माती चाळून, वाफशाइतकी ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, थर १० ते १५ सेंटीमीटरपेक्षा जाड नको. तोंड बांधून गच्चीवर चार ते सहा आठवडे ठेवा. माती ओली असणे महत्त्वाचे, कोरड्या मातीत उष्णता खोल जात नाही आणि बुरशीची बीजे सुप्तच राहतात. काळे प्लॅस्टिक नको, पारदर्शकच.

सह्याद्रीच्या पट्ट्यात भाताच्या रोपांआधी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळतात, त्यामागचे एक कारण हेच: वरच्या थरातले तण आणि किडे मरतात, शिवाय राखेतून पालाश मिळते.

बी भरण्याआधी मिश्रण किती ओले हवे?

मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत एखादा थेंब चमकावा, धार लागू नये. मूठ उघडल्यावर गोळा टिकावा आणि बोटाने टोचताच फुटावा. कोरडे कोकोपीट ट्रेमध्ये भरून वरून पाणी घालणे ही नेहमीची चूक. पाणी कडेने निघून जाते, मधला भाग कोरडा राहतो आणि वरून ओले दिसते म्हणून कळतही नाही.

कप्पे भरताना अंगठ्याने ठासू नका. मिश्रण लोटून भरा, ट्रे टेबलावर दोनदा आपटा, खाली बसलेली जागा पुन्हा भरा. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल: टोमॅटो, मिरची, वांगी अर्धा सेंटीमीटर. पिटुनियाचे बी धुळीसारखे असते. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून ते झाकायचेच नाही. वर नुसता फवारा.

यानंतर ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकतात. झाकण काढायचा दिवस चुकवू नका. कोबीला ३ ते ५, टोमॅटोला ५ ते ७, मिरचीला ७ ते १२ दिवस लागतात. पहिले काही कोंब दिसले की लगेच उजेडात आणा. पिटुनिया सुरुवातीपासूनच उजेडात, रचू नका.

रोपे चांगली उगवली आणि एका रात्रीत आडवी पडली. माती बदलू?

ही ‘मर’, म्हणजे रोपे कोलमडण्याचा रोग. मातीलगतचे खोड पाणचट होते, सुतासारखे बारीक पडते आणि वरची पाने हिरवीगार असतानाच रोप लवते. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशी त्यामागे असतात. त्यांना संधी देतो तो सततचा ओलावा, दाट पेरणी आणि कोंडलेली हवा.

पडलेली रोपे वाचत नाहीत. त्यांचे कप्पे मिश्रणासकट काढून टाका, पाणी एक-दोन दिवस तोडा, ट्रे वाऱ्यावर ठेवा. उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम प्रमाणे आळवणी करता येते (द्रावण मुळाशी ओतायचे), हातमोजे घालून.

खरा उपाय आधीचा. १ किलो गांडूळखताला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा, ओलसर करून सावलीत गोणपाटाखाली आठवडाभर ठेवा आणि ते खत मिश्रणात वापरा. बियाण्याला लावायचे असेल तर किलोला ५ ग्रॅम. पाकिटातले बी गुलाबी-निळे दिसत असेल तर त्याला आधीच बुरशीनाशक लावलेले आहे, पुन्हा काही लावू नका. आणि ट्रायकोडर्मा दिलेल्या ट्रेवर कॉपर फवारू नका: ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे, तीही मरते.

वर हिरवा थर, पांढरी बुरशी आणि बारीक माश्या दिसतात.

हिरवा थर शेवाळाचा, पांढरी बहुतेकदा कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर जगणारी, निरुपद्रवी. दोन्ही सांगतात की वरचा थर सुकत नाही. माश्यांच्या अळ्या मात्र कोवळी मुळे खातात. वरून पाणी देणे थांबवा. ट्रे पाण्याच्या परातीत दहा मिनिटे ठेवा, वरचा भाग गडद झाला की उचला. पिवळे चिकट सापळे ट्रेशेजारी उभे करा. वर पाव सेंटीमीटर परलाइट पसरले तर माश्यांना अंडी घालायला ओली जागा मिळत नाही.

रोपे लांबट, फिकट होऊन एका बाजूला झुकली. खत कमी पडले?

नाही, उजेड. यात माती निर्दोष आहे. खत घातलेत तर आणखी लांबतील.

पिवळेपणाची गोष्ट वेगळी. खालची पाने सारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. पहिली खरी पाने आल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. बोअरच्या जड पाण्याने मिश्रणाचा सामू चढला की हे होते. पावसाचे किंवा आरओचे पाणी निम्मे मिसळून पाहा. पानांची खालची बाजू जांभळट आणि रात्री थंड असतील तर स्फुरद आहे पण थंड मुळांना ते उचलता येत नाही. ट्रे उबेत हलवा.

कोणत्या भाज्यांची रोपे करूच नयेत?

मुळा, गाजर, मेथी, कोथिंबीर, गवार. भेंडीही थेट टोकलेली बरी. काकडी, कारले, भोपळा ट्रेमध्ये करता येतात, पण ५० कप्प्यांच्या मोठ्या ट्रेमध्ये आणि १२ ते १५ दिवसांत मिश्रणाच्या गोळ्यासकट हलवायचे. टोमॅटो २१ ते २५ दिवस, वांगी २८ ते ३०, मिरची ३५ पर्यंत.

थंड देशात राहतो. तिथले मिश्रण वेगळे असते?

तिथल्या पिशव्यांत बहुधा पीट मॉस असते. ते मुळात बरेच आम्लधर्मी, म्हणून त्यात चुना मिसळलेला असतो. वेगळा घालू नका. पूर्ण सुकले की ते पाणी झटकते, तेव्हा कोमट पाण्याने भिजवा. हिवाळ्याअखेर दव शेवटचे गोठते त्या तारखेपासून मागे मोजा: टोमॅटो ६ ते ८ आठवडे, मिरची-वांगी ८ ते १०. खोली २० अंशांवर असली तरी ओले मिश्रण त्याहून गार असते, म्हणून मिरचीला खालून ऊब देणारी चटई लागते. मिश्रणाचे तापमान २५ ते २८ अंश ठेवा.

उरलेले मिश्रण आणि ट्रे पुढच्या हंगामात वापरू का?

न वापरलेले मिश्रण सुकवून, तोंड बांधून ठेवा. ओले ठेवले तर त्यातले गांडूळखत आंबते. रोपे काढून उरलेले मिश्रण पुन्हा बियांसाठी नको, विशेषतः मर आली असेल तर. मोठ्या कुंड्यांत किंवा कंपोस्टमध्ये टाका. ट्रे ब्रशने घासून मुळांचे तुकडे काढा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटे बुडवा, धुवा आणि उन्हात सुकवा. आधी घासणे चुकवू नका, चिकटलेल्या मातीखाली ब्लीच पोहोचत नाही.